कापसाचा बोळा

सेवाग्रामहून निघालेली बस वर्ध्याच्या स्टँडात शिरत होती, तेव्हा मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "मीराबाई नाई काय, आपल्या शाळेवरच्या? त्याईनं तं दर सालाले तपासलं होतं. झाला नं तरी?"

"मंग," दुसरी म्हणाली. "तपासून काय अन् न तपासून काय. मी नाई जात बाप्पा उद्या शाळेत."

"आनंदाबाईबी नाई चालली. ते तं म्हणते, एवढ्या शिकल्यासवरल्या बाईले नाई वाचवलं त्या तपासणीनं, मले काय वाचवते."

मीराबाई त्यांच्याच पुढच्या सीटवर बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, नाकातोंडावर मास्क, वरून पदर. केमोचे पाच डोस झाले तेव्हापासून भुवयासुद्धा राहिल्या नव्हत्या, त्यामुळे समोरासमोर बसल्या असत्या तरी त्या दोघींनी ओळखलं नसतं. आवाज मात्र ओळखला असता. चौतीस वर्षं वर्गात चढवलेला आवाज होता तो. म्हणून त्या गप्प बसल्या. पहिला आवाज ऋतिकच्या आईचा, हे त्यांना लगेच कळलं. गावातल्या बायकांची नावं त्यांना कधी पाठ झाली नाहीत. ऋतिकची आई, अंकितची आई, असंच डोक्यात बसलेलं होतं. हा ऋतिक दुसरीत असताना सातचा आकडा उलटा काढायचा. त्याचा हात हातात धरून त्यांनी तो सात महिनाभर गिरवून घेतला होता. बस थांबली, दोघी पिशव्या सांभाळत त्यांच्या खांद्याला घासून उतरल्या. ऋतिकच्या आईची पिशवी त्यांच्या डाव्या दंडाला लागली आणि कळ थेट बोटांपर्यंत गेली. "लागलं काय हो आजी?" तिनं विचारलं. मीराबाईंनी मान हलवली. आजी. वय एकसष्ट.

स्टँडावरून घर पंधरा मिनिटांचं. एरवी त्या ऑटो करत, आज चालत निघाल्या. फेब्रुवारीचं ऊन अजून खरं तापलेलं नव्हतं, तरी पायाखालचा रस्ता मऊ, खोल वाटत होता, औषधानंतर दोन दिवस असंच व्हायचं. तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव. डोक्यात एकच वाक्य. दर सालाले तपासलं होतं. हे वाक्य गेले सहा महिने त्या ऐकत होत्या. घरी कृष्णकांतराव फोनवर प्रत्येक नातेवाइकाला तेच सांगत, "नाही हो, हयगय कसली, ती तर दरवर्षी तपासून घ्यायची, इतर बायकांनाही न्यायची, तिचंच नशीब असं." मिहिर पुण्याहून फोनवर तेच म्हणायचा, आणि वर, "आई, मग त्या लोकांनी नीट पाहिलं नसणार." त्या लोकांनी म्हणजे शाळेतल्या शिबिरात तपासणाऱ्या सिस्टरनं, सुरभीनं. सुरभीचं नाव अजून कुणी घेतलं नव्हतं एवढंच. त्या ऐकून घेत. नवऱ्याला आणि मुलाला तेवढ्या एका वाक्याचा आधार आहे, तो कशाला काढून घ्यायचा, असं त्या मनाला समजावत. मनाला समजावणं त्यांना चांगलं जमायचं. पोरांना समजावून समजावून ती सवयच लागली होती. पण ते वाक्य घरातून निघून बसमध्ये बसलंय, गावोगाव उतरतंय, हे आज पहिल्यांदा कळलं. आनंदाबाईबी नाई चालली.

शाळेत लस टोचायला यायचे, ते दिवस त्यांना आठवले. आंजनखेड्याच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून साठ पोरं, आणि टोचणीवाल्यांची जीप फाटकाशी दिसली की साठच्या साठ रडायला लागत. काही भिंतीवरून उडी मारून तुरीच्या शेतात पळत. मग मीराबाईंनी एक युक्ती काढली. जीप यायच्या आधीच दंडावर कापसाचा एक बोळा धरायचा आणि वर्गात शिरून म्हणायचं, "हे पाहा, मी घेतली. मुंगी चावल्यासारखं होतं, बस." पोरं तो बोळा बघत. बाईंनी घेतली म्हणजे घ्यायलाच हवी. एखादा स्वप्निलसारखा धीट पोरगा विचारायचा, "बाई, रक्त दाखवा." त्या डोळे वटारत, आणि तो स्वतःच हात पुढे करायचा. वीस वर्षं हा बोळा चालला. खिचडी शिजवायला आलेली आनंदाबाई पहिल्याच वर्षी तो प्रकार ओळखून पदराआड हसली होती. "बाई, तुमी तं भल्या हाय," असं म्हणाली होती. त्यात वाईट असं काही कधी वाटलंच नाही. खोटं होतं, पण पोरांना गोवर झाला नाही, हे खरं होतं.

सहा वर्षांपूर्वी बायकांच्या तपासणीचं शिबिर शाळेत घ्यायचं ठरलं. पहिलीचा वर्ग रिकामा केला, खिडकीला सतरंजी लावली, दोन कपाटांच्या मध्ये दोरी बांधून तिच्यावर साडी सोडली. साडीआड एक बाक. तपासायला आलेली सिस्टर म्हणजे सुरभी, त्यांच्याच हाताखाली शिकलेली. पहिलीत असताना एकदा तिचा फ्रॉक ओला झाला होता, तेव्हा मीराबाईंनी स्वतःची शाल गुंडाळून तिला मांडीवर बसवलं होतं, वर्गाला कळू दिलं नव्हतं. आता ती पांढऱ्या कोटात होती आणि पाया पडून विचारत होती, "बाई, ते मोजायचे चिंचोके आहेत का अजून? डबा द्या ना." चिंचोक्यांच्या डब्यात सागरगोटेही होते, आणि आनंदाबाईकडून तिनं तुरीचे चार दाणे मागून घेतले. मग वऱ्हांड्यात बसलेल्या बायकांसमोर ती एकेक दाणा बोटांत धरून सांगू लागली. हा तुरीचा दाणा. गाठ एवढी असते तेव्हा दुखत नाही, दिसत नाही, तुम्हाला कळतसुद्धा नाही, आणि नेमकी तेव्हाच ती धरायची असते. हा चिंचोका. एवढी झाली तर आजच्या आज निघायचं. सागरगोटा तिनं नुसता हातात धरला आणि परत डब्यात टाकला. दुखत नाही म्हणून ठेवून द्यायचं नाही, ती म्हणाली, आणि एकदा पाहिलं म्हणजे झालं असंही नाही, दरवर्षी पाहायचं. मीराबाईंना तिचं शिकवणं आवडलं. वस्तू हातात देऊन शिकवायचं, हे ती त्यांच्याकडूनच घेऊन गेली होती.

पण उठेना कुणी. तीस बायका भिंतीला टेकून, पदर तोंडात. "बाई, तुमी करता काय आंदी?" आनंदाबाईनं विचारलं, आणि सगळ्यांच्या माना मीराबाईंकडे वळल्या. त्या उठल्या. साडी बाजूला सारून आत गेल्या. सुरभी हातावर हात चोळून ऊब आणत उभी होती. तिनं खाली बघत म्हटलं, "बाई, ब्लाउज काढावा लागेल." बस, एवढंच. मीराबाईंनी पदर घट्ट धरला. जिचं नाक त्यांनी स्वतःच्या पदरानं पुसलं, जिचा हात धरून पाटीवर अ काढला, तिच्या समोर उघडं बसायचं. "माझं सेवाग्रामला होतं गं दरवर्षी," त्या हळूच म्हणाल्या. "बायकांसाठी आले फक्त. दोन मिनिटं थांबते." सुरभीलाही सुटल्यासारखं वाटलं असावं, ती हसली. दोघी दोन मिनिटं साडीआड गप्प उभ्या राहिल्या. मग मीराबाई पदर सावरत बाहेर आल्या, ब्लाउजचा वरचा हूक लावल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "झालं. काही दुखत नाही. चला, आनंदा, तू ये."

तोही कापसाचा बोळाच होता. आणि तो लागू पडला. त्या दिवशी एकोणतीस जणी आत गेल्या. दुसऱ्या वर्षी चव्वेचाळीस. दुसऱ्याच वर्षी सुरभीच्या बोटांना आनंदाबाईच्या उजव्या बाजूला तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं. आनंदाबाई रडली नाही, तिनं फक्त विचारलं, "खिचडी कोण शिजवन?" मीराबाईच तिला सेवाग्रामला घेऊन गेल्या, ऑपरेशनच्या वेळी बाहेर बसल्या. दीड महिन्यात आनंदाबाई पुन्हा चुलीपुढे उभी. डॉक्टरांनी सांगितलं, दर सहा महिन्यांनी दाखवायचं, आणि ती तारीख भिंतीवर कोळशानं लिहून ठेवायला लागली. लोक म्हणत, मीराबाईनं वाचवलं तिला. मीराबाई म्हणत, मी कुठं, सुरभीनं.

त्याच वर्षी, शिबिराच्या चार दिवस आधी, न्हाताना साबणाचा हात डाव्या बाजूला थांबला होता. तुरीचा दाणा. त्यांनी हात काढून घेतला आणि पाणी ओतलं. मग पुन्हा लावून पाहिला. होता. तेव्हा जायचं, एवढं साधं होतं. पण सुरभीला काय सांगायचं? गेल्या वर्षी सेवाग्रामला केलं म्हटलं होतं. कृष्णकांतरावांना काय सांगायचं, ते तर चार लोकांत सांगत फिरत होते की आमच्या हिनं गावात पहिला नंबर लावला. आणि बायका? ज्या बाईनं आपल्याला आत ढकललं, ती स्वतः कधी बाकावर बसलीच नाही, हे कळल्यावर? आज गेले तर गेल्या वर्षीचा तो पदर खोटा ठरेल, असं काहीतरी त्या मनात घोळवत राहिल्या. शिबिराच्या दिवशी पुन्हा आत गेल्या, दोन मिनिटं उभ्या राहिल्या, पदर सावरत बाहेर आल्या. तिसऱ्या वर्षी तो चिंचोका झाला होता. त्या वर्षी त्यांनी साडीआड उभं राहून सुरभीच्या हातांकडे पाहिलं होतं. एक पाऊल, एवढंच अंतर होतं. ती हात चोळत होती. "बाई, दमल्यासारख्या दिसता," ती म्हणाली. "निवृत्ती जवळ आली ना," त्या म्हणाल्या. या वाक्यापाशी आता त्या पुन्हा पुन्हा येत. सहामाही परीक्षेत एखादं पोर उत्तराच्या अगदी जवळ येऊन पेन खाली ठेवतं, तसं काहीतरी त्या दिवशी झालं होतं. पण पोराला त्या म्हणायच्या, पुन्हा वाच, घाई नाही. त्यांना कुणी म्हटलं नाही.

निवृत्त झाल्या, वर्ध्याला घरी बसल्या. गेल्या ऑगस्टमध्ये कातडी आत ओढली गेली, हात सुजला, तेव्हा कृष्णकांतरावांच्या लक्षात आलं. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी विचारलं, "केव्हापासून आहे?" त्या म्हणाल्या, "दोन महिने." कागदावर लिहिताना तरुण डॉक्टरचा हात क्षणभर थांबला. यकृतात होतं, पाठीच्या मणक्यात होतं. बरं करायचं नाही, लांबवायचं, असं त्यांना सांगण्यात आलं, जरा वेगळ्या शब्दांत.

घरी कृष्णकांतराव डाळिंब सोलत बसले होते. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेली, आता डाळिंबाचे दाणे वाटीत भरणं हे त्यांचं काम. "ऑटो का नाही केलास?" ते म्हणाले. त्यांच्या बोटांच्या टोकांना लाल डाग पडले होते.

"उद्या मी आंजनखेड्याला जाणार आहे. शाळेत."

"शाळा सुटली तुझी तीन वर्षांपूर्वी. घंटा ऐकू आली नाही वाटतं." मग गंभीर होऊन, "गर्दीत जायचं नाही सांगितलंय ना? पांढऱ्या पेशी उतरल्यात."

"अहो, मला एक सांगायचंय."

"आधी हे खा. बोलू नकोस, धाप लागते तुला." वाटी त्यांनी पुढे सरकवली. त्यांच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की मीराबाईंनी वाटी घेतली आणि एकेक दाणा चावत राहिल्या. लोखंडाच्या चवीचं डाळिंब. सांगितलं नाही.

सकाळी नऊच्या देवळी बसनं त्या निघाल्या आणि फाट्यावर उतरल्या. फाट्यापासून शाळा पाव किलोमीटर, पूर्वी चार मिनिटं लागत, आज तीनदा थांबावं लागलं. शेतांत तूर निघाली होती, खळ्यावरचा भुसा वाऱ्यानं रस्त्यावर येत होता. शाळेच्या वऱ्हांड्यात दुसरीची पोरं पाढे म्हणत होती, पहिलीचा वर्ग रिकामा केलेला, तीच दोरी, दुसरी साडी. नवी सिस्टर टेबलाशी मोबाइल बघत बसली होती. सुरभीची बदली आर्वीकडे झाली होती. "मी वर्षाली," ती उठून म्हणाली. "आजी, तुम्ही बसा. अजून कोणीच नाही आलं. मागच्या वर्षी चाळीसवर होत्या म्हणे." टेबलावर चिंचोक्यांचा डबा नव्हता, छापील कागद होते. ही मुलगी आपल्याला ओळखत नाही. हिच्यासमोर सहा वर्षांपूर्वी बसता आलं असतं, अगदी सहज, असं मीराबाईंना वाटलं.

खिचडीच्या खोलीत आनंदाबाई पाठमोरी उभी होती, चुलीवरच्या मोठ्या गंजात उलथणं फिरवत. वास तोच, हळद, तेल, ओलं सरपण. मास्क काढला तरी ओळखायला तिला थोडा वेळ लागला. मग तिनं उलथणं ठेवलं, जवळ येऊन मीराबाईंच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. "काय होऊन बसलं हे बाई. देवानं काई पाह्यलं नाई."

"आनंदा, तू तपासायला का नाही गेलीस? दिवाळीची तारीख होती ना तुझी?"

"कायले जाऊ?" ती पुन्हा गंजाकडे वळली. "तुमी दर सालाले केलं, तुमाले झालं. माह्यावालं नशिबात असन ते होईन."

"मी कधीच केलं नाही."

आनंदाबाईनं वळूनही पाहिलं नाही.

"ऐकतेस ना? एकदाही नाही. आत जाऊन नुसती उभी राहायचे. लाज वाटली मला. सुरभीची."

आता ती वळली, आणि हसली. इतकं मायेनं हसली की मीराबाईंना धडकी भरली. "बाई, मले काय पोर समजता? तो कापूस दाखवत होत्या नं पोराईले, तसंच हे. आमी जावं म्हनून. एवढ्या आजारात फाट्यावरून पायी आल्या, खोटं बोलाले. तुमच्यासारखी बाई नाई भेटनार."

"हे खोटं नाही, आनंदा. ते खोटं होतं."

"म्या सोता पाह्यलं. पदर सावरत बाहेर आल्या तुमी. हूक लावत होत्या."

चौतीस वर्षांत कुठल्याही पोराला एखादी गोष्ट पटली नाही तर त्या दुसऱ्या तऱ्हेनं सांगत, मग तिसऱ्या. आणि तरीही पटली नाही तर वस्तू हातात देत. त्यांनी खोलीचं दार लोटलं. पदर काढला. हूक काढताना डावा हात वर जात नव्हता. मग त्यांनी आनंदाबाईचा हात धरला, हळदीनं पिवळा झालेला, गरम, आणि आपल्या डाव्या बाजूला ठेवला. आनंदाबाईनं तो मागे घेतला नाही. बोटं थांबली, मग हळूहळू फिरली, जाणती बोटं होती ती, स्वतःच्या अंगावर शिकलेली. सागरगोटा नव्हता, त्याहून मोठं, खालच्या हाडाला धरून बसलेलं. बाहेर पोरं बाराचा पाढा म्हणत होती.

"हे एका सालाचं नाई," आनंदाबाई म्हणाली.

"नाही."

"मंग सुरभीच्या हाताले कसं नाई लागलं?"

"तिनं हात लावलाच नाही."

आनंदाबाईचा हात तिथेच राहिला. खिचडी खाली लागायला लागली, जळका वास आला, कुणीच उलथणं फिरवलं नाही. मग ती म्हणाली, "मले तुमी आत धाडलं. चला म्हनलं, काई दुखत नाई म्हनलं."

"हो."

"अन् सोता..." तिनं हात काढून घेतला. तो पदराला पुसला की नुसताच पदरात गेला, मीराबाईंना कळलं नाही. "बाई, मी तुमच्याकडं पाहूनच थांबली. चार मैने झाले. तुमच्याकडं पाहून." मग तिनं दाराकडे पाहिलं, आपला उजवा दंड थोडा वर केला आणि मीराबाईंची बोटं काखेत नेली. पाटीवरचं गणित बरोबर आहे का हे विचारायला पोरं जवळ येत, तशी ती उभी होती. "हे पाहा बरं. हे तेच हाय काय?"

चिंचोका. गुळगुळीत नव्हता, पण तेवढाच. मीराबाईंच्या बोटांनी तो दोनदा मोजला.

"केव्हापासून?"

"दिवाळीच्या आंदीपासून."

त्यांनी मास्क पुन्हा चढवला, हूक लावले. एक राहिला, हात पोहोचेना, तो आनंदाबाईनं लावून दिला, त्यांच्याकडे न बघता. मग तिनं चुलीतलं सरपण मागे ओढलं. दोघी वऱ्हांड्यातून चालत आल्या तेव्हा तीन-चार बायका फाटकाशी उभ्या होत्या, मीराबाई आल्याचं गावात पोहोचलं होतं, त्या बघायला आल्या होत्या. ऋतिकची आई होती. तिनं मीराबाईंच्या डोक्याचा रुमाल पाहिला, मास्क पाहिला, आणि कालची आजी तिला आठवली असावी, कारण ती खाली बघायला लागली. आनंदाबाई कुणाशी न बोलता वर्गात गेली, साडी बाजूला सारून आत.

बायका वऱ्हांड्यात आल्या, भिंतीला टेकल्या. आतून वर्षालीचा आवाज येत होता, गाव हेच का, पोरं किती, मोठा काय करतो, ब्लाउज काढा, घाबरू नका. ऋतिकची आई मीराबाईंच्या बाजूला सरकली आणि लहान आवाजात म्हणाली, "बाई, दुखते काय हो ते?"

"मला माहीत नाही," मीराबाई म्हणाल्या. आवाज वर्गातला निघाला, सगळ्यांना ऐकू गेला. "मी कधी केलं नाही."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणी उठून गेलं नाही. ऋतिकच्या आईनं हातातली पिशवी मांडीवर घेतली आणि घट्ट धरून बसली. आत वर्षाली विचारत होती, ऑपरेशन केव्हा झालं, कागद आहेत का, हात वर करा, अजून थोडा. मग तिचं बोलणं थांबलं. साडी वाऱ्यानं थोडी हलली. मीराबाई सवयीनं मनातल्या मनात मोजायला लागल्या, आणि शंभरापर्यंत आल्या तरी पदर सावरत कुणी बाहेर आलं नाही.